उसने झाडू

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रजतच्या बापाचा टायर रिमोल्डिंगचा कारखाना आहे. त्या कारखान्याच्या ऑफिसात आम्ही दर रविवारी पत्ते खेळतो. रमी नाही, तीनपत्ती नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या कचेरीतले लोक दहादा सांगूनही डोळा मारून विचारतात, "काय संघदीपभाऊ, काल किती हरले?" असल्या लोकांशी बोलणं मी सोडून दिलं आहे. जळक्या रबराच्या वासात बसून रविवार घालवणारा माणूस यांना जुगारी वाटतो, आणि हे स्वतः रविवारभर मोबाइलवर दुसऱ्यांच्या लग्नाचे व्हिडिओ बघत लोळतात.

आमचा खेळ डोक्याचा आहे. प्रत्येकानं आपला साठ पत्त्यांचा डेक स्वतः बांधून आणायचा. समोरच्याचे वीस प्राण संपवले की डाव जिंकला. तीनपैकी दोन डाव जिंकले की सामना जिंकला. डेक साधारण दोन तऱ्हेचे. एक घाईवाले: छोटे छोटे सैनिक भराभर टेबलावर टाकायचे आणि समोरचा सावरायच्या आत त्याला संपवायचं. यात अक्कल लागत नाही. दुसरे कंट्रोलवाले, म्हणजे मी. समोरच्यानं काही टाकलं की आम्ही त्याला 'नकार' देतो, म्हणजे त्याचा पत्ता रद्द करतो. नकारातून निसटून काही टेबलावर आलंच, तर 'झाडू' मारतो. त्या एका पत्त्यानं टेबलावरचे सगळे सैनिक साफ होतात. असं करत करत समोरच्याचा हात रिकामा झाला आणि तोंड उतरलं, की मग सावकाश 'म्हातारा' उतरवायचा. पत्त्यांवर इंग्रजीत लांबलचक नावं आहेत. नकार, झाडू, म्हातारा ही आमची नावं. म्हाताऱ्याच्या पत्त्यावर दाढीवाला राक्षस आहे, आणि तो एकदा बसला की कोणाच्या बापाच्यानं उठत नाही.

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर असतो. दिवसभर लोकांना 'आज नाही', 'इथं नाही', 'असं नाही' सांगतो. कंट्रोल खेळायला शिकायला वर्षं लागतात म्हणे. मला आठवडा लागला.

साठ पत्त्यांखेरीज पंधरा पत्त्यांची एक वेगळी गड्डी जवळ ठेवता येते. तिला आम्ही साइड म्हणतो. पहिला डाव झाला, समोरच्याचा डेक कळला, की त्याच्यापुढे निकामी ठरलेले आपले पत्ते काढायचे आणि साइडमधले कामाचे घालायचे. आभाळ बघून छत्री घ्यावी तसं. बावळट लोकांना वाटतं सामना टेबलावर जिंकतात. सामना साइडमध्ये जिंकतात, आदल्या दिवशी घरी बसून, कोण कोण भेटणार याचा विचार करून.

तर कोण कोण भेटणार होतं ते सांगतो. पहिला रजत. बापाच्या जिवावर चमकणारे पत्ते मागवतो आणि जाड कव्हरात घालून ठेवतो. त्याच्या डेकात सगळे हत्ती. एक हत्ती टाकतो, मी नकार देतो; दुसरा टाकतो, मी नकार देतो; मग "काय यार संघदीपभाऊ" म्हणून तो चहा सांगतो. जागा आणि चहा सोडला तर त्याचा या खेळाला काडीचा उपयोग नाही.

दुसरा इंद्रजित. पाटीपुऱ्यात आमच्याच गल्लीतला, शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता. आता बँकेत आहे, रविवारीही टाय लावून येतो. तोही कंट्रोलवाला. यवतमाळातून नागपूरच्या विदर्भ फेरीला एकच जण जातो, आणि सलग तीन वर्षं हा गेला, दरवेळी फायनलमध्ये मला हरवून. परत आला की माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "नागपूरची लेव्हल वेगळी हाय संघ्या." हे वाक्य मला झोपेत ऐकू येतं. यंदा ती जागा मला हवी होती. नागपूरला पहिल्या फेरीत गारद झालो असतो तरी चाललं असतं. मला परत येऊन ते वाक्य कोणाला तरी म्हणायचं होतं.

तिसरी खुशी. फुलसावंगीची पोरगी, इथं हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. तिच्या पत्त्यांना कव्हर नाही. पिवळ्या टिफिनच्या डब्यात आणते आणि डबा उघडला की लोणच्याचा वास येतो. डेक म्हणजे गावातले पोट्टे, म्हणजे पोरं, गोळा करून आणावेत तसा: भालेवाले, गोफणवाले आणि एक कुत्रं. खेळताना समोरच्यालाच विचारते, "दादा, आता तुमी झाडू माराल का?" मी झाडू मारायचो. हातातलं सगळं तिनं आधीच टेबलावर ओतलेलं असायचं, ते सगळं एकदम जायचं. मग ती विचारायची, काय चुकलं? एकदा वैतागून मी म्हणालो, "सगळे पोट्टे एकदम बाहेर काढतं, म्हणून सगळे एकदम मरतेत. आन् साइडले दोन झाडू ठेवत जा, म्हणजे कळंन तुले." हा सल्ला नव्हता. घाईवाल्या डेकानं झाडू ठेवणं म्हणजे स्वतःचेच सैनिक मारणं. मी तिला उडवून लावलं होतं. तिनं "हो दादा" म्हणून मान डोलावली. काही लोकांना उडवून लावलेलंही कळत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. यवतमाळात हे पत्ते मिळत नाहीत, कोणी नागपूरला गेलं तर येतात. म्हणून पहिल्या वर्षीच मी ठरवून दिलं की मागितलेल्या पत्त्याला नाही म्हणायचं नाही. स्पर्धेसाठी तुम्ही डेकात किंवा साइडला घेतलेले पत्ते तेवढे वगळायचे. बाकी कोणीही कोणाकडे काहीही मागावं, आणि देणाऱ्यानं कशाला म्हणून विचारू नये. दिलेला पत्ता घेणारा आपणहून देईल तेव्हाच परत घ्यायचा. विरजण मागतात तशी गोष्ट. मी रीत घातली तेव्हा माझ्याकडेच निम्मे पत्ते नव्हते, हे इंद्रजित अजून सगळ्यांना सांगत असतो. सांगू दे.

या रितीतली खरी गंमत त्या लोकांच्या डोक्यात कधी शिरली नाही. कोण काय मागतो यावरून तो कोणाला भितो ते कळतं. यंदा स्पर्धेच्या आदल्या रविवारी इंद्रजितनं रजतकडून नकाराला नकार देणारे पत्ते मागून घेतले. असले पत्ते फक्त कंट्रोलवाल्यापुढे लागतात, आणि कंट्रोलवाला मी एकटाच. म्हणजे साहेबांनी सगळी तयारी माझ्यासाठी चालवली होती. मला आनंद झाला.

मग मीही साइड त्याच्यासाठीच बांधली. कंट्रोलपुढे कंट्रोल म्हणजे दोन माणसं दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभी. तिथं झाडायला सैनिकच नसतात. मुख्य डेकात मी दोन झाडू ठेवले, तेही सवयीनं, आणि साइडचे चारही काढून पंधराच्या पंधरा जागा इंद्रजितवर खर्च केल्या. झाडू लागतात घाईवाल्यापुढे, आणि यवतमाळात घाईवाला डेक एकच. जोड्या आधीच लागल्या होत्या; ती पोरगी पहिल्याच फेरीत रजतच्या हत्तींखाली जाणार होती.

मी झाडू बाजूला काढले तेवढ्यात खुशी आलीच. "दादा, ते झाडू मोकळे हायत का? मले पायजेत."

"घे," मी म्हणालो. "चारही घे. रजतच्या ऑफिसची फरशीही झाडून काढजो."

सगळे हसले. तीही हसली आणि माझे झाडू लोणच्याच्या डब्यात गेले.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या फेरीत रजत गेला. त्याचा पहिला हत्ती उठून उभा राहायच्या आत गोफणवाल्यांनी त्याला संपवलं. तो मला म्हणाला, "पोरगी सुधरली हाय भाऊ." मी म्हणालो, "तू बिघडला." मी पुढच्या फेरीत वणीहून आलेल्या एका पोराला दोन डावांत घरी पाठवलं. त्याचं नावसुद्धा लक्षात ठेवायची गरज पडली नाही. पाणी पिऊन मी इंद्रजितची वाट बघत बसलो. तो दुसऱ्या टेबलावर खुशीसमोर होता आणि त्याचं पाच मिनिटांत उरकेल असं मला वाटलं होतं.

उरकलं, पण उलटं. इंद्रजित टाय सैल करत माझ्याजवळ आला. "सगळा डेक तुह्यासाठी भरला होता बे," तो म्हणाला. "तिच्यापुढं एक पत्ता कामाचा नाही. नकार देऊ देऊ कोणाले देऊ? ते कुत्रं टाकते, भालेवाला टाकते, एक नकार देईपर्यंत तिचे दोन पोट्टे येतेत."

मी इतका हसलो की कारखान्यातला वॉचमन डोकावून गेला. तीन वर्षं नागपूरच्या लेव्हलच्या गप्पा मारणारा माणूस टिफिनच्या डब्यापुढे हरला होता. एवढ्या एका क्षणासाठी मी त्या पोरीला पेढे दिले असते.

"हसून काय राह्यला?" इंद्रजित म्हणाला. "तुह्या साइडले काय हाय?"

माझ्या साइडला तोच होता. पंधराच्या पंधरा. पण हे त्याला सांगायची मला काय गरज? "माह्याजवळ डोकं हाय," मी म्हणालो.

फायनलच्या आधी चहा झाला. सामना सुरू होईपर्यंत साइड बदलायला आमच्याकडे परवानगी असते. मी कप ठेवला तर समोर खुशी उभी, हातात माझे चार झाडू.

"दादा, हे घ्या. माह्या डेकात बसलेच नाही. मी वापरलेच नाही."

रीत मोडत नव्हती. ती आपणहून देत होती. इंद्रजित मागून हळूच म्हणाला, "घे बे." रजत भजी खाता खाता थांबून बघत होता. आता मी ते झाडू घ्यायचे, सगळ्यांदेखत साइड उघडायची, इंद्रजितसाठी जपलेले पत्ते काढून त्या जागी झाडू घालायचे. म्हणजे संघदीपनं फुलसावंगीच्या खुशीसाठी, त्या कुत्र्यासाठी, तयारी केली असं म्हणायला हे मोकळे. माझ्या डेकात दोन झाडू होते. शहाण्या हाताला दोन पुरतात.

"तुह्यासाठी साइड बदलू का मी?" मी म्हणालो. "ठेव डब्यात."

तिनं ठेवले.

पहिला डाव मी जिंकला. दोन्ही झाडू वेळेवर आले, म्हातारा बसला, संपलं. मी इंद्रजितकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला कळावं म्हणून मुद्दाम बघितलं नाही.

मग साइडची वेळ आली. मी गड्डी उघडली. खुशीपुढे माझे नकार मंद होते, ते काढायला हवेत हे मला दिसत होतं. कंट्रोल म्हणजे काय काढायचं ते कळणं. पण काढून घालू काय? इंद्रजितच्या हातातले पत्ते पळवणारे पत्ते? त्याच्या नकारांना नकार देणारे पत्ते? त्या पोरीच्या डेकात नकार नावाची गोष्टच नव्हती. मी पंधरा पत्ते एकदा खालून वर पाहिले, वरून खाली पाहिले आणि काहीतरी करतोय असं दाखवून तसेच बंद केले. समोर पिवळा डबा होता. झाकण नीट लागलेलं नव्हतं.

दुसऱ्या डावात झाडू आलाच नाही. भालेवाले आले, गोफणवाले आले, कुत्रं आलं. तो डाव सांगण्यासारखा नाही.

तिसऱ्या डावात पहिल्याच हातात झाडू आला आणि मी सैलावून बसलो. झाडूची कला वाट बघण्यात आहे. समोरच्याला सगळं टेबलावर ओतू द्यायचं आणि मग एकदम साफ करायचं. खुशीनं एक भालेवाला टाकला. मग कुत्रं. आणि थांबली. हातात पाच पत्ते धरून बसली आणि त्या दोघांनीच मला मारायला लागली. मी म्हटलं, टाकेल. ही सगळं ओतते, नेहमीच ओतते, हिला दम कुठला? ती टाकेना. भालेवाला आणि कुत्रं, कुत्रं आणि भालेवाला, दरवेळी माझे थोडे थोडे प्राण जात होते. माझ्या हातात झाडू होता. पण एका भालेवाल्यासाठी आणि एका कुत्र्यासाठी झाडू मारायचा? यवतमाळातल्या सगळ्यात चांगल्या कंट्रोलवाल्यानं, फायनलमध्ये, कुत्र्यावर?

शेवटी मारावा लागला. तोवर माझ्याकडे फार थोडे प्राण उरले होते. टेबल साफ झालं. खुशीनं हातातले तीन पोट्टे शांतपणे खाली ठेवले. दुसरा झाडू डेकात कुठंतरी तळाला होता, उरलेले चार तिच्या डब्यात होते. मी हरलो तेव्हा म्हातारा माझ्या हातातच होता.

रजतनं टाळ्या वाजवल्या. इंद्रजितनं वाजवल्या नाहीत, नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि ते जास्त लागलं. मी पत्ते गोळा करत खुशीला विचारलं, "माह्याजवळ राहू नये म्हणून मागून नेले ना झाडू?"

मला तिनं हो म्हणायला हवं होतं. लबाडीनं हरवलं असतं तर मी तिला मानलं असतं. शत्रूचा पत्ता त्याच्याच रितीनं काढून घ्यायचा, हे मला सुचायला हवं होतं, असं म्हणून मी घरी जाऊन जेवलो असतो.

"नाही जी," ती म्हणाली. "तुमीच म्हणालते ना, दोन झाडू ठेव म्हणून? घालून पाह्यले. माहेच पोट्टे मरून राह्यलते, मग काढून टाकले. पण हातात झाडू धरून बसलं ना दादा, की समजते. समोर दोनच असले की मारावा वाटतच नाही. जास्तीचे यायची वाट पाहावी वाटते. म्हणून मग मी दोनच ठेवले."

माझं कोणी ऐकत नाही म्हणून मी आयुष्यभर लोकांना शिव्या देत आलो, आणि जिनं ऐकलं तिनं मला हे असं केलं. घरी जाताना ऑटोवाल्यानं नेहमीचं भाडं सांगितलं तरी मी त्याच्याशी भांडलो.

पुढच्या रविवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण घरी बसून करू काय? गेलो. डेक पिशवीत होता, सवयीनं. बसतो न बसतो तोच खुशी आली.

"दादा, नागपूरले सगळे तुमच्यासारखे कंट्रोलवालेच असतेत म्हणते इंद्रजितदादा. मले सराव पायजे. तुमचा डेक द्या ना. रजतदादा खेळतो म्हणते त्याच्यानं."

माझी स्पर्धा संपली होती, म्हणजे माझा डेक मोकळा होता, अख्खा. मागितलेल्याला नाही म्हणायचं नाही. रजतनं भज्यांचं तेल पँटला पुसलं आणि हात पुढे केला.

मी तो हात पाहिला. हा हात माझे नकार धरणार. पहिल्याच खेपेला पहिल्याच भालेवाल्यावर झाडू मारणार. म्हातारा उतरवताना हत्ती उतरवतात तसा धाडकन आपटणार. माझा डेक मठ्ठासारखा हरताना ती पोरगी बघणार आणि कंट्रोल असाच असतो असं समजून नागपूरला जाणार. हरण्याचं मला एवढं वाटलं नव्हतं.

"याले खेळता येत असतं तर हत्ती घेऊन बसला असता का हा?" मी म्हणालो. "देतो डेक. पण खेळीन मी. बस."

रजत उलट खूश झाला आणि चहा सांगायला गेला. खुशी समोर बसली. टिफिन उघडून तिनं माझे चार झाडू काढले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवले. या वेळी मी घेतले. साइड उघडून इंद्रजितसाठीचे पत्ते बाहेर काढले आणि झाडू आत घातले. लोणच्याचं तेल एकाच्या कोपऱ्याला लागलं होतं.

मंद नकार काढून झाडू डेकात घेतल्यावर डाव व्हायचा तसाच झाला. तिनं दोन टाकले आणि थांबली. मी वाट न बघता झाडले. तिनं पुन्हा दोन टाकले. मी पुन्हा झाडले. तिच्या हातात काही उरलं नाही तेव्हा मी म्हातारा सावकाश खाली ठेवला. मी जिंकलो. इंद्रजित मोबाइलमध्ये होता, रजत चहाची वाट बघत दारात उभा होता. कोणी पाहिलंच नाही.

"असं हाय तर," खुशी म्हणाली. तोंड जरासुद्धा उतरलं नव्हतं. ती पत्ते गोळा करू लागली. "अजून एक."

मी मागे टेकलो. आता म्हणायला हरकत नव्हती. "सांभाळून राहजो," मी म्हणालो. "नागपूरची लेव्हल वेगळी हाय."

तिनं वर बघितलं, अगदी मनापासून. "तुमी गेलते का दादा?"

"नाही," मी म्हणालो, आणि पत्ते पिसायला घेतले.